रोमचा हसरा संत



या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्याच दिवशी एका वयस्क स्नेह्यांनी मला रस्त्यात गाठले. "ख्रिस्ती देवळात कुणाला हसताना पाहिले आहे का हो तुम्ही?" त्यांनी विचारले. "समोर क्रूस, सगळीकडे शांतता आणि माणसे गुडघ्यांवर. तुम्ही तासभर बोलणार तरी कशावर?" प्रश्न थट्टेने विचारलेला असला तरी अगदी रास्त होता. एवढेच नव्हे, तर खुद्द ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात तो अनेक शतके विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर देताना मोठमोठ्या आचार्यांचे मतभेद झाले आहेत. त्या वादाची हकीकत, आणि ज्या एका माणसाने तो वाद ग्रंथ लिहून न सोडविता स्वतःच्या आयुष्याने सोडविला त्याची हकीकत, आज आपल्यापुढे मांडावी असा माझा विचार आहे. त्या माणसाचे नाव फिलिप नेरी. सोळाव्या शतकातल्या रोमचा हा संत.

प्रथम हास्याच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू. शुभवर्तमानात येशू लाजरच्या थडग्यापाशी रडला असे स्पष्ट लिहिले आहे. तो हसला असे मात्र चारही शुभवर्तमानांत कोठे लिहिलेले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑक शहरात योहान नावाचा एक असामान्य वक्ता होऊन गेला. त्याच्या वाणीमुळे लोक त्याला 'ख्रिसोस्तोम', म्हणजे सुवर्णमुख, म्हणू लागले. त्याने आपल्या प्रवचनांत याच गोष्टीवर बोट ठेवले. ख्रिस्त रडलेला दिसतो, हसलेला दिसत नाही. मग त्याच्या अनुयायांनी हसत सुटावे हे कसे, असा त्याचा सवाल होता. पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासी साधूंसाठी नियमावली लिहिली. तिच्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांपैकी दहावी पायरी अशी की, साधूने चटकन हसायला तयार होऊ नये. ही दहावी पायरी आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

या मंडळींना केवळ रुक्ष म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यांच्या डोळ्यांपुढे जे हास्य होते ते अँटिऑकच्या नाटकगृहातले हास्य होते. दुबळ्यांची, बायकांची, गुलामांची टवाळी करून मिळविलेले. त्याहूनही खोल अशी एक आठवण त्यांच्या मनात होती. ख्रिस्ताला क्रूसावर देण्यापूर्वी शिपायांनी त्याच्या डोक्यावर काट्यांचा मुगुट ठेवला, अंगावर राजाची म्हणून झूल चढविली, हातात राजदंड म्हणून एक वेत दिला आणि गुडघे टेकून त्याला मुजरे केले. तो विनोदच होता. बलवंतांनी बांधलेल्या माणसाशी केलेला विनोद. ज्या समाजाचा प्रभू अशा हास्याच्या गदारोळात मारला गेला, त्या समाजाने हास्याकडे संशयाने पाहिले तर नवल ते काय?

परंतु त्याच धर्मग्रंथात दुसऱ्या जातीचे हसूही आहे. अब्राहाम शंभर वर्षांचा आणि त्याची बायको सारा नव्वद वर्षांची असताना त्यांना मूल होईल अशी देवाने ग्वाही दिली, तेव्हा दोघांनाही हसू आले. साराने तर हसल्याचे नाकबूलही केले! पण मूल झाले, आणि त्याचे नाव ठेवले इसहाक. या हिब्रू नावाचा अर्थच मुळी 'तो हसतो' असा आहे. ज्या वंशात पुढे येशू जन्मला, त्या वंशाच्या आरंभी एका म्हातारीचे हसू आहे. आणि लूकच्या शुभवर्तमानात खुद्द येशूने आज रडणाऱ्यांना पुढे हसाल असे आश्वासन दिले आहे. म्हणजे हसणे हे पाप नव्हे. उलट ते राखून ठेवलेले बक्षीस आहे.

इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या अंतोनी नावाच्या तपस्व्याची एक गोष्ट जुन्या संग्रहात आहे. तो आपल्या शिष्यांशी थट्टामस्करी करीत असताना एका शिकाऱ्याने पाहिले आणि त्याला धक्का बसला. अंतोनीने त्याला धनुष्याची दोरी ओढायला सांगितले. त्याने ओढली. "आणखी ओढ." त्याने ओढली. "आणखी." शिकारी म्हणाला, "यापुढे ओढली तर धनुष्य मोडेल." अंतोनी म्हणाला, "साधूंचेही तसेच आहे." तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या थोर तत्त्ववेत्त्याने अशीच धनुष्याची कथा सांगून विनोदबुद्धीला सद्गुणांत स्थान दिले, जो स्वतः कधी हसवीत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही मोडता घालतो, त्याच्याकडे दोष जातो असे त्याने लिहिले. त्याच शतकाच्या आरंभी असिसीचा फ्रान्सिस आपल्या भिक्षूंना देवाचे भाट आणि सोंगाडे म्हणत असे. काटकी हाती घेऊन तिच्यावर दुसरी काटकी फिरवायची आणि सारंगी वाजवीत असल्याचा आव आणून फ्रेंच भाषेत गायचे, हा त्याचा आवडता छंद. १२२१ च्या नियमावलीत त्याने भिक्षूंना बजावले की, ढोंग्यांसारखी सुतकी तोंडे करून हिंडू नका.

येथपर्यंत ऐकून आपणास वाटेल की, हास्याचा पक्ष जिंकला. पण इतिहास इतका सरळ नसतो. जर्मन भाषिक मुलखांत ईस्टरच्या दिवशी प्रवचनकाराने व्यासपीठावरून श्रोत्यांना हसविण्याची रूढी होती. तिच्यामागची कल्पना सुंदर होती : ख्रिस्त पुन्हा उठला, मृत्यू फसला, तेव्हा मृत्यूला हसा! परंतु हळूहळू मृत्यू बाजूला राहिला आणि पाद्री कोंबड्याची, कोकिळेची सोंगे काढू लागले, चावट गोष्टी सांगू लागले. १५१८ साली ओएकोलाम्पाडियस या विद्वानाने बाझलहून एक पत्र लिहून या प्रकाराचा कडक निषेध केला. हसण्याची मुभा मिळाली म्हणजे आनंद मिळतोच असे नाही, हा या रूढीचा धडा. खरा प्रश्न हसावे की नाही हा नव्हता. कुणाला हसावे, हा होता.

या प्रश्नाचे एक उत्तर १५३५ सालच्या ६ जुलै रोजी लंडनच्या वधस्तंभावर मिळाले. सर थॉमस मोअर हा इंग्लंडचा माजी चॅन्सलर. आठव्या हेन्री राजाला चर्चचा प्रमुख मानायला त्याने नकार दिला म्हणून त्याला देहांताची शिक्षा झाली. वधस्तंभाची शिडी डळमळत होती. त्याच्या जावयाने लिहून ठेवले आहे की, मोअरने बरोबरच्या अधिकाऱ्याला, मला वर चढायला तेवढा हात द्या, खाली यायचे माझे मी पाहून घेईन, असे सांगितले. हे हसू कुणाला होते? राजाला नाही, मारेकऱ्यालाही नाही. स्वतःच्या मानेला होते. ज्याने स्वतःला फार मोठे मानलेले नाही त्यालाच असा विनोद सुचू शकतो.

त्या वर्षी फ्लोरेन्सहून आलेला जेमतेम विशीतला एक तरुण रोममध्ये एका घरी मुलांना शिकवून पोट भरत होता. हाच फिलिप नेरी. जन्म २१ जुलै १५१५. त्या वेळचे रोम डोळ्यांपुढे आणा. १५२७ साली बादशाही फौजांनी शहर लुटून बेचिराख केले होते. उत्तरेकडे लूथरच्या चळवळीने निम्मी ख्रिस्ती दुनिया पोपपासून दूर जात होती. शहरात एकीकडे ऐषाराम होता, दुसरीकडे धर्मसुधारणेचा कडक, काळजीने ग्रासलेला चेहरा. फिलिपने दोन्ही टाळले. तो बाजारात, पेढ्यांत, दुकानांच्या पायरीवर तरुण पोरांशी गप्पा मारी आणि गप्पा मारता मारता त्यांना इस्पितळात रोग्यांच्या सेवेला घेऊन जाई. १५४८ मध्ये त्याने यात्रेकरू आणि दुखणाईत यांच्यासाठी एक सेवासंघ काढला. १५५१ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो धर्मगुरू झाला.

त्याच्या खोलीत दुपारी माणसे जमू लागली. वाचन, चर्चा, गाणे, प्रार्थना, असा साधा कार्यक्रम. त्या जागेला 'ओरेटरी', म्हणजे प्रार्थनागृह, असे नाव पडले. आणि तेथील गाण्यांतून पुढे संगीताचा जो एक प्रकार वाढला त्यालाही युरोपात 'ओरेटोरिओ' हेच नाव मिळाले. कार्निव्हलच्या धुंद दिवसांत तो शेकडो लोकांना घेऊन रोममधल्या सात पुरातन चर्चांची पदयात्रा काढी. आपल्याकडची दिंडी आठवा म्हणजे कल्पना येईल : वाटेत गाणी, एखाद्या बागेत शिदोरी सोडणे, वाद्ये, पुन्हा चालणे. हा आनंद काहींना खपला नाही. १५५९ साली, चौथ्या पॉल पोपच्या कडक अमलात, फिलिपवर ठपका आला. काही दिवस पापनिवेदन ऐकण्याची त्याला मनाई झाली आणि पदयात्रा बंद पडल्या. त्याने वाद घातला नाही. पुढे बंदी उठली आणि तो पुन्हा चालू लागला.

आता त्याच्या विनोदाकडे वळू. लोक त्याला जिवंतपणीच संत म्हणू लागले होते, आणि त्याला या गोष्टीची विलक्षण धास्ती होती. म्हणून तो एके दिवशी अर्धीच दाढी कापून चारचौघांत हिंडला. पोलंडचे काही सरदार मोठ्या भक्तिभावाने दर्शनाला आले, तेव्हा त्याने एका शिष्याला पिओव्हानो आर्लोट्टो या गावंढळ पण मिस्कील पाद्र्याच्या चुटक्यांचे पुस्तक मोठ्याने वाचायला लावले आणि स्वतः आवडीने ऐकत बसला. हे पुस्तक त्याच्या संग्रहातले लाडके. पाहुणे गोंधळून परत गेले. दर्शन झाले, पण हवे तसे संतदर्शन झाले नाही. मिस्सा सुरू करण्यापूर्वी तो ध्यानात इतका बुडून जाई की विधी पुढे सरकेना. मग भानावर राहण्यासाठी तो आधी काहीतरी गमतीचे वाचून घेई. हसू हा त्याचा पडदा होता. आतला दिवा लोकांना दिसू नये म्हणून ओढलेला.

हाच उपाय तो शिष्यांवर करी. कार्डिनलच्या घरचा एक कुत्रा त्याच्या बिऱ्हाडी येऊन राहिला होता, त्याचे नाव काप्रिचो. उमराव घराण्यातल्या शिष्यांना तो या कुत्र्याला भर रस्त्यातून फिरवून आणायला धाडी. १५८३ मध्ये त्याने जागा बदलली तेव्हा शिष्यांना तवे, भांडी, चिमटे हातात घेऊन मिरवणुकीने नव्या जागी जावे लागले, आणि रोमची टवाळ पोरे दुतर्फा मजा पाहत होती. एका शिष्याने सुरेख प्रवचन केले, लोकांनी वाखाणले. फिलिपने त्याला तेच प्रवचन जसेच्या तसे आणखी सहा वेळा करायला लावले. श्रोते म्हणू लागले, बिचाऱ्याला एवढे एकच येते!

या सर्वांत अधिक बोधप्रद हकीकत चेझारे बारोनियोची. हा तरुण १५५७ मध्ये कायदा शिकायला रोमला आला आणि फिलिपच्या हाती लागला. स्वभावाने गंभीर, जवळजवळ उदास. प्रार्थनागृहात बोलायला उभा राहिला की मृत्यू आणि नरक यांपलीकडे त्याला विषय सुचेना. फिलिपने त्याला सांगितले, ते राहू दे. तू चर्चचा इतिहास सांग. त्याला कंटाळा आला तरी फिलिपने सोडले नाही. वर्षानुवर्षे तोच विषय पुन्हा पुन्हा सांगायला लावला. एका लग्नाच्या मेजवानीत त्याला पश्चात्तापाचे स्तोत्र गायला लावले. भला मोठा शिसा देऊन वाण्याकडे पाठविले : आधी शिसा धुऊन घे, मग त्यात चिमूटभर द्राक्षारस माग, आणि मोठे नाणे पुढे करून मोड माग! वाण्याच्या शिव्या खात खात बारोनियोचा गंभीरपणा झडून गेला आणि विद्वत्ता तेवढी उरली. पुढे त्याने चर्चच्या इतिहासाचे बारा प्रचंड खंड लिहिले. ते १५८८ ते १६०७ या काळात प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे खंड आजही वगळता येत नाहीत. त्या बारा खंडांच्या पायाशी एका शिशाचा विनोद आहे.

आपण म्हणाल, ही शिष्यांची विटंबना नव्हे काय? शिपायांनी ख्रिस्ताची केली त्याहून ही निराळी कशी? मला वाटते, फरक दोन आहेत. एक म्हणजे, हे हसे फिलिपने प्रथम स्वतःचे करून घेतले होते. अर्धी दाढी त्याची होती. दुसरे असे की, शिपायांचे हसू माणसाला लहान करण्यासाठी होते, आणि फिलिपचे हसू माणसातला अहंकार लहान करण्यासाठी. कपाळावर तीन बोटे टेकवून तो म्हणे की, साधुत्व या तीन बोटांच्या जागेत आहे. म्हणजे आपल्या शहाणपणाचा हट्ट सोडण्यात आहे. हा माणूस थिल्लर नव्हता. विदूषकी वृत्ती अंगी भिनली तर मन भक्तीला निकामी होते, असे त्याने शिष्यांना निक्षून सांगितले आहे. तरुण पोरे त्याच्या दाराशी धिंगाणा घालीत. कुणी तक्रार केली तर तो म्हणे, पाप करीत नाहीत ना, मग त्यांनी माझ्या पाठीवर लाकडे फोडली तरी चालतील.

आता बेनेडिक्टची ती दहावी पायरी आठवा. बेनेडिक्टने नम्रतेसाठी हसणे आवरायला सांगितले. फिलिपने नम्रतेसाठीच हसायला सांगितले. मुक्काम एकच, वाटा मात्र उलट. म्हणूनच मी म्हणालो की, त्याने हा वाद जगून सोडविला. त्याच्या हयातीतच, १५९१ मध्ये, व्हेरोनाच्या कार्डिनल आगोस्तिनो व्हालिएरने ख्रिस्ती आनंदावर एक संवाद लिहिला आणि त्याला फिलिपचेच नाव दिले. पुढे जर्मन महाकवी गटे इटलीच्या प्रवासात या चरित्राने इतका मोहून गेला की, त्याने फिलिपवर 'विनोदी संत' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. फिलिप २६ मे १५९५ च्या पहाटेपूर्वी वारला. आदल्या दिवशी तो भेटायला आलेल्यांशी नेहमीसारखाच प्रसन्नपणे बोलत होता.

येथे आपल्या भूमीशी असलेला एक धागा सांगितला पाहिजे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला. त्याची हिंदुस्थानातून आलेली पत्रे फिलिपच्या मंडळीत वाचली जात. ती ऐकून १५५७ च्या सुमारास फिलिप आणि त्याचे काही शिष्य हिंदुस्थानात यायला निघाले होते. सल्ला घ्यायला तो एका वृद्ध मठवासीयाकडे गेला. उत्तर मिळाले की, तुझा हिंदुस्थान रोममध्येच आहे. फिलिप राहिला, आणि १६२२ साली १२ मार्च रोजी झेवियर आणि नेरी यांना एकाच सोहळ्यात संतपद मिळाले.

पण त्याची परंपरा गोव्यात आलीच. सतराव्या शतकात तेथील युरोपीय धर्मसंघांत एतद्देशीय पाद्र्यांना बहुधा प्रवेश मिळत नसे. तेव्हा काही गोमंतकीय पाद्र्यांनी एकत्र येऊन फिलिपच्या नमुन्यावर स्वतःची ओरेटरी उभारली. त्यांतले अग्रणी जोसेफ वाझ, १६५१ साली बाणावलीत जन्मलेले. १६८७ मध्ये ते डचांच्या बंदीला न जुमानता भिकाऱ्याच्या वेषात सिलोनमध्ये शिरले. कँडीच्या राजाने हेर समजून कैदेत टाकले. पुढे त्याच शहरात देवीची साथ आली तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. १७११ मध्ये ते वारले, आणि २०१५ साली त्यांना संतपद मिळाले. वाझ विनोदासाठी प्रसिद्ध नाहीत. परंतु प्रतिष्ठेची झूल उतरवून चिंध्या पांघरण्याची जी हिंमत त्यांनी दाखविली, ती अर्धी दाढी कापणाऱ्याच्याच घराण्यातली आहे.

आणि हा धर्मस्वभाव एकाच पंथाचा मक्ता नाही. मराठी वाचकाला त्यासाठी रोमला जाण्याचेही कारण नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा संसार मोडल्यासारखा झाला, वर्षानुवर्षे ताटातूट झाली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या प्रॉटेस्टंट घरातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईंनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिली. ती १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघाली. वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा विसराळूपणा, आणि सर्वांत अधिक स्वतःचे अज्ञान, यांना त्या किती मोकळेपणाने हसतात! ज्या दुःखावर दुसऱ्या कुणी आसवांची पाने भरली असती, तेथे त्या आपल्यालाही हसवितात. आणि हसता हसता आपल्या लक्षात येते की, या पुस्तकात द्वेष कोठेच नाही. ज्यांनी वाळीत टाकले त्यांच्याविषयीही नाही.

तेव्हा माझ्या स्नेह्यांना माझे उत्तर असे आहे. देवळात माणसे गुडघ्यांवर असतात हे खरे. पण माणूस गुडघ्यांवर दोन कारणांनी येतो : भीतीने, किंवा आपण किती लहान आहोत हे कळल्याने. पहिल्याला हसू येत नाही. दुसऱ्याला आल्यावाचून राहत नाही. ख्रिस्ती जीवनातील आनंदाचा हा झरा दुसऱ्या ठिकाणी लागतो.